विमानात मी होते की नव्हते?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):
पत्रलेखिका पंचावन्न वर्षांच्या आहेत. मे १९७५ मध्ये त्यांच्या वडिलांची मुंबईहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी बदली झाली. तेव्हा त्या साडेचार वर्षांच्या होत्या. वडिलांच्या मांडीवर बसून विमानाच्या खिडकीतून बघतोय, बाहेर एक काळं चाक खाली येतंय, कान दुखताहेत, हवाईसुंदरी ताटलीतून गोळ्या आणि कापूस देतेय आणि बाबा आपल्या कानात कापसाचा बोळा घालताहेत, ही त्यांची आयुष्यातली पहिली आठवण. वडील गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला घरातल्यांसाठी काढायच्या छोट्या पुस्तिकेसाठी त्यांनी ही आठवण लिहिली, तर पाच वर्षांनी मोठी बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "तू विमानात नव्हतीसच. बाबा आणि दादा विमानाने गेले. आई, तू आणि मी मनमाडला गाडी बदलून रेल्वेने गेलो." दादा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला विमान आठवतं, पण शेजारी कोण होतं ते आठवत नाही. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती एकदा हो म्हणते, एकदा नाही. दोन महिने बहिणी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. बाईंचे प्रश्न असे: ही आठवण खोटी असेल तर बाबांचं माझ्याकडे काय उरलं? पुस्तिकेत ती द्यावी का? आणि ताईला काय सांगू?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात. आठवण एकतर अस्सल असते नाहीतर खोटी, आणि खोटी ठरली की तिच्यातले बाबाही गेले. आधी याच्याकडेच बघू, कारण तुमची झोप उडवली आहे ती याने. विमानाचं नंतर बघू.

साडेचार वर्षांच्या मुलीला विमानप्रवास आठवू शकतो. मोठ्या माणसांना विचारलं तर त्यांची सर्वांत जुनी आठवण साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलेलं असतं. म्हणजे तुमचं वय आठवण राहण्याच्या अलीकडचं नव्हतं, चांगलं पलीकडचं होतं. "एवढीशी होतीस, तुला काय आठवणार" असं कोणी म्हणालं असेल तर ते मनाला लावून घेऊ नका.

पण "मला इतकं स्पष्ट दिसतंय म्हणजे ते घडलंच असणार" हेही टिकत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना लहानपणीचा एक प्रसंग डोळ्यांसमोर दिसायचा. बाबागाडीत बसलेल्या त्यांना एक माणूस पळवायला आला, दाईने झटापट केली, तिच्या तोंडावर ओरखडे उमटले. ते पंधरा वर्षांचे असताना त्या दाईने पत्राने कबुली दिली की सगळं तिने रचलं होतं, आणि बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ परत केलं. घरात ऐकलेल्या गोष्टीचं पियाजेंच्या मनात चित्र झालं होतं. २००२ मध्ये किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी वीस प्रौढांना त्यांच्या बालपणाचे फोटो दाखवले. त्यांतला एक बनावट होता: लहानपणीचे ते स्वतः, गरम हवेच्या फुग्याच्या पाटीत बसलेले. असा प्रवास झालेलाच नव्हता, हे घरच्यांकडून आधीच विचारून घेतलं होतं. तीन बैठकींनंतर वीसपैकी दहा जणांना त्या प्रवासाचं थोडंफार काहीतरी आठवायला लागलं होतं.

हे तुम्हाला खोटं पाडायला सांगत नाही. ताईंचीही स्मृती त्याच मातीची आहे. नऊ-साडेनऊ वर्षांच्या मुलीला जास्त आठवतं हे खरं, पण कोण कुठे होतं याबाबतीत भावंडांची गल्लत फार होते. २००१ मध्ये जुळ्या भावंडांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकच प्रसंग, आणि "तो माझ्याबाबतीत घडला" असं दोघंही ठामपणे सांगताहेत, अशी कितीतरी उदाहरणं त्यात मिळाली. जुळी नसलेली भावंडंही याला अपवाद नव्हती. एका घरात, एका पंगतीत ऐकलेल्या गोष्टी कोणाच्या खात्यावर जमा होतील याचा नेम नसतो.

तेव्हा तुम्ही खोटं बोलत नाही आणि ताईही बोलत नाहीत. तुम्ही दोघी साक्षीदार आहात. साक्षीदाराची साक्ष तपासतात, त्याचा अपमान करत नाहीत.

तपासायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. बाबांच्या कपाटाला अजून हात लावता येत नसेल तर हे काम सहा महिन्यांनी करा, कागद कुठे पळून जात नाहीत. करायचं ठरवलंत तर मात्र क्रम पाळा, कारण एकदा चुकलेला क्रम मागे घेता येत नाही.

आधी लिहा. आजच, एकटीने, अर्धा तास. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात डोळ्यांना दिसलेलं: खिडकीचा आकार, पंख कुठे होता, चाक कुठून आलं, बाबांचा सदरा, दादा दिसतो का, आई दिसते का. दुसऱ्यात अंगाला जाणवलेलं: कान, पोट, थंडी, कापसाचा स्पर्श, आवाज. तिसऱ्यात फक्त माहीत असलेलं: वर्ष, गाव, कशासाठी गेलो. हा तिसरा भाग नंतर कोणीतरी सांगितलेलाच असतो. साडेचार वर्षांच्या मुलीला "मे १९७५" ठाऊक नसतं. जिथे नक्की नाही तिथे "नक्की नाही" असंच लिहा. शेवटी एक गोष्ट नोंदवा. या चित्रात तुम्ही बाबांच्या मांडीवरून बाहेर बघताय, की बाबांच्या मांडीवर बसलेली एक छोटी मुलगी तुम्हाला दिसतेय? दुसरं असलं तरी आठवण खोटी ठरत नाही, खूप जुन्या खऱ्या आठवणीही अशा बाहेरून दिसतात. मात्र ती पुष्कळ वेळा आठवली गेली असावी, सांगितली गेली असावी, एवढा अंदाज त्यातून बांधता येतो. तारीख घाला, घडी करून पाकिटात ठेवा. दादालाही न विचारता, न बोलता असंच लिहून फोटो पाठवायला सांगा.

तोवर जुन्या विमानांचे फोटो इंटरनेटवर बघू नका. एकदा फोटो बघितला की पुढे खिडकी आठवतेय ती विमानातली की मोबाइलवरची, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. आणि हे पत्रोत्तरही इथे बाजूला ठेवा. लिहून झालं की पुढे वाचा, कारण पुढे मी विमानाबद्दल बोलणार आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते काळं चाक. गोळ्या आणि कापूस सगळ्यांनाच ठाऊक आहेत. त्या काळी विमानात बसलेल्या प्रत्येकाने ती ताटली घरी येऊन वर्णन केली आहे. ऐकून मनात उतरण्यासारखी ती गोष्ट आहे, म्हणून तपासात तिचं वजन कमी. खिडकीतून चाक खाली येताना दिसणं हे मात्र प्रत्येक विमानात होत नाही.

त्या वर्षांत इंडियन एअरलाइन्सच्या कमी अंतराच्या फेऱ्यांवर पंख्याची (प्रोपेलरची) दोन विमानं असायची, फॉकर फ्रेंडशिप आणि कानपूरला बनलेलं अ‍ॅव्रो. दोघांच्या पंख्यांमागे इंजिन एकाच जातीचं, रोल्स-रॉइस डार्ट, त्यामुळे आवाजावरून लहान मुलाला फरक कळणार नाही. फरक पंखात आहे. फॉकरचा पंख छताच्या पातळीवर, खिडकीच्या वर. त्याखाली इंजिनाचा लांबट फुगवटा लोंबतो आणि चाकं त्या फुगवट्यात दुमडलेली असतात. उतरायच्या काही मिनिटं आधी फुगवट्याच्या बुडाची झाकणं उघडतात आणि लांब पायाला लावलेलं जोडचाक खिडकीसमोर खाली येतं. त्या रांगेत बसलेल्या मुलाला जमिनीआधी ते चाकच दिसतं. अ‍ॅव्रोचा पंख खाली, पोटाशी. चाकं पंखाच्या खालून बाहेर येतात आणि खिडकीतून दिसतो तो पंखाचा वरचा पत्रा. बोइंगसारख्या जेट विमानांतही चाक खालूनच निघतं, ते प्रवाशाला दिसत नाही.

म्हणजे तुमचं चाक जर खरंच त्या प्रवासातलं असेल, तर विमान फॉकर असायला हवं. हे पडताळून बघता येतं. त्या काळच्या छापील वेळापत्रकांत कुठल्या फेरीला कुठलं विमान ते दिलेलं असायचं आणि हौशी लोकांनी अशी जुनी वेळापत्रकं जपून त्यांचे फोटो इंटरनेटवर ठेवले आहेत. शोधायचं काम भाचीला किंवा मुलाला द्या. १९७५ च्या उन्हाळ्याचं वेळापत्रक मिळालं आणि मुंबई–औरंगाबाद फेरीसमोर फॉकर निघालं, तर तुमच्या बाजूने एक खडा पडला. अ‍ॅव्रो निघालं, तर चाक दुसरीकडून आलं. (वेळापत्रकात एक आणि धावपट्टीवर दुसरं, असंही व्हायचं, म्हणून एकच खडा.)

दुसरीकडून म्हणजे कुठून? तुम्ही मोठेपणी क्यू-४०० या पंख्याच्या विमानातून प्रवास केला आहे का, ते आठवा. त्याचाही पंख वर असतो आणि चाकं इंजिनाखालच्या फुगवट्यातूनच उतरतात. एटीआर या दुसऱ्या पंख्याच्या विमानाचाही पंख वर असतो, पण त्याची चाकं पोटाच्या बगलेत असतात, त्यामुळे तो घोटाळा नाही. आणि दुसरी शक्यता दादाची. अकरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा विमानात बसून आला की काय सांगेल? चाक सांगेल. हात खाली करून, आवाजासकट, आठवडाभर सांगेल. शेजारी बसून ऐकणाऱ्या साडेचार वर्षांच्या बहिणीच्या मनात ते चाक कायमचं उतरू शकतं. तुमच्या आठवणीविरुद्ध सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे, आणि तो तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा इथे कळलेला बरा.

आता कान. विमान उतरायला लागलं की केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो, मधल्या कानातला मात्र मागे राहतो, त्यामुळे पडदा आत ओढला जातो आणि कळ येते. घसा आणि मधला कान जोडणारी नळी गिळताना क्षणभर उघडते आणि दाब सारखा होतो. लहान मुलांची ही नळी आखूड आणि आडवी असते, सर्दीत तर ती पटकन बंद होते. म्हणून मुलांचे कान उतरताना जास्त दुखतात, चढताना कमी. गोळी चघळली की लाळ सुटते, गिळलं जातं, म्हणून गोळ्या. कापसाचा दाबाशी काही संबंध नव्हता, तो इंजिनाची शिट्टी थोडी कमी ऐकू यावी म्हणून.

तुमच्या आठवणीत कानदुखी आणि चाक एकत्र आहेत. दोन्ही गोष्टी खरोखर उतरतानाच्या. ऐकलेल्या गोष्टीत हा मेळ बसेलच असं नसतं. "कान दुखले" आणि "चाक दिसलं" ही वेगवेगळी वाक्यं म्हणून कानावर पडतात. हा तुमच्या बाजूचा दुसरा खडा. उलट ताटली साधारणपणे उड्डाणाच्या आधी फिरायची, आणि तुमच्याकडे ती शेवटी येते. आठवणीत असे तुकडे मागेपुढे होतात, त्याने बिघडत नाही.

मांडीचं मात्र नीट बघायला हवं. दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतंत्र जागा नसायची. नाममात्र भाडं, आणि बसायचं मोठ्यांच्या मांडीवर. दोन ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट आणि स्वतःची खुर्ची. साडेचार वर्षांची मुलगी उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी आपल्या खुर्चीत पट्टा लावूनच बसलेली असणार. तरी मधल्या वेळात बापाने मांडीवर घेतलं असेल, नाही असं नाही. पण यातून एक साधा, मोजता येणारा प्रश्न मिळतो. त्या दिवशी बाबांनी दीड तिकीट काढलं की दोन? एक पूर्ण आणि एक अर्धं असेल तर बाबा आणि दादा. एक पूर्ण आणि दोन अर्धी असतील तर तुम्हीही.

म्हणून कागद. तेव्हाचं तिकीट म्हणजे लांबट चोपडी, आतल्या पानांमागे लाल कार्बन, वरून हाताने लिहिलेली नावं. फ्लाइट नंबराआधी आय.सी. ही अक्षरं, लहान मुलाच्या नावापुढे सी.एच.डी. अशी खूण. शेवटचं पान प्रवाशाकडेच राहायचं. पन्नास वर्षांनी कार्बनची अक्षरं फिकी होतात, म्हणून सापडलं तर आधी दिवसाच्या उजेडात तिरपं धरून फोटो काढा. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पाकिटात दाबून ठेवू नका, अक्षरं प्लास्टिकला चिकटून येतात. तिकीट नसलं तरी बदलीचं प्रवासभत्त्याचं बिल असू शकतं. बाबा सरकारी नोकरीत होते. बदलीच्या बिलात कुटुंबातली माणसं किती, कोण कशाने गेलं, हे भरावं लागायचं, आणि त्या पिढीची माणसं अशा बिलांची स्थळप्रत जपून ठेवायची. तुमच्या वादाचा निकाल लावू शकेल असा हाच एक कागद मला दिसतो. त्याशिवाय बाबांची डायरी, बँकेचं पासबुक, त्या महिन्यातली आजोळची अंतर्देशीय पत्रं. "सामान घेऊन ही आणि मुली रेल्वेने येतील" अशी एक ओळ कुठल्यातरी पत्रात असते.

विमान कंपनीकडे प्रवाशांची यादी मागायच्या फंदात पडू नका. इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, आणि इतक्या जुन्या याद्यांच्या मागे लागून हाती काही येणार नाही.

फोटो नाही म्हणून खचूही नका. तेव्हा विमानतळावर फोटो काढायला मनाई होती, तसे फलक लावलेले असत. फोटो नसणं म्हणजे प्रवास नसणं नव्हे. उलट असलेल्या फोटोंकडे जरा संशयाने बघा. जत्रेतल्या फोटोवाल्यांकडे रंगवलेलं लाकडी विमान असायचं, मुलं त्यात बसून फोटो काढायची. असा एखादा फोटो तुमच्या अल्बममध्ये असेल आणि तुम्ही तो लहानपणी शंभर वेळा पाहिला असेल, तर त्यानेही आठवणीला खत घातलेलं असू शकतं. तसंच सांताक्रूझला पाहुण्यांसाठी गॅलरी होती. बाबांना आणि दादाला पोचवायला तुम्ही तिथे गेला असाल, तर चढणारं विमान, पंख्याचा आवाज, बाबांचा हलणारा हात, हे सगळं तुमच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. विमानात बसलेलं नसलं तरी.

आईंना विचारायचं तर जपून. तुम्ही आणि ताई दोघींनी त्यांना आतापर्यंत जे प्रश्न विचारले असतील ते बहुधा "मी होते ना ग?" आणि "ही नव्हती ना ग?" या जातीचे असतील. ब्याऐंशी वर्षांची आई समोर बसलेल्या लेकीला हवं ते उत्तर देते, त्यात तिची लबाडी नसते, माया असते. त्यामुळे एकदा हो, एकदा नाही. यापुढे हा प्रश्न महिनाभर काढू नका. मग एका सकाळी, त्यांचा चहा झाल्यावर, तुम्ही किंवा ताई नाही, तिसऱ्याच कोणीतरी, शक्यतो नातवंडाने, असं विचारावं: "आजी, औरंगाबादला पहिल्यांदा गेलात तेव्हाचं सांग ना." विमान हा शब्द काढायचा नाही, रेल्वे हा शब्दही काढायचा नाही. त्या थांबल्या की "मग?" एवढंच. मोबाइलवर आवाज टिपून ठेवायचा. वीस मिनिटं पुरेत. मनमाड आपण होऊन आलं, हमाल आला, मीटरगेजची छोटी गाडी आली, तर ऐका त्या बरोबर कोण होतं म्हणतात ते. एखादवेळी दोन प्रवासही निघतील. बदलीच्या गावाला माणूस एकदाच जात नाही. दिवाळीला मुंबईला आलात, परतलात, आणि दोन प्रवास पन्नास वर्षांत एक झाले. मला स्वतःला हीच शक्यता बरीच जवळची वाटते.

हे सगळं करूनही काहीच हाती लागलं नाही, असंही होईल. तशीच तयारी ठेवा.

पुस्तिकेचं म्हणाल, तर ती आठवण वगळू नका. ती वगळली तर पुस्तिका चाळताना दर वेळी तेच पान तुम्हाला दिसेल. पण "१९७५ साली आम्ही बाबांबरोबर विमानाने गेलो" असं माहितीच्या सुरात लिहू नका, कारण ती माहिती तुमच्याकडे नाही. जे तुमच्याकडे आहे ते लिहा. साधारण असं:

"माझ्या मनातलं सर्वांत जुनं चित्र विमानाच्या खिडकीचं आहे. काळं चाक खाली येतंय, माझे कान दुखताहेत आणि बाबा माझ्या कानात कापूस घालताहेत. ताईच्या आठवणीत मी त्या विमानात नव्हते, तिच्याशेजारी मनमाडच्या फलाटावर होते. कोणाचं बरोबर ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पण बाबा मुलांच्या दुखऱ्या कानाला असेच हात लावायचे."

शेवटचं वाक्य मी अंदाजाने लिहिलं आहे, ते खरं असेल तरच ठेवा. पण मला वाटतं असेल. कुठलंही घर मुलीच्या मनात वडिलांचं जे चित्र तयार करतं ते कशातून तरी करतं. बाबा रागीट, लांब राहणारे असते, तर ऐकीव विमानातही त्यांनी तुम्हाला मांडीवर घेतलं नसतं. कानात तेल घालताना, तापात कपाळावर हात ठेवताना, एसटीत झोपलेल्या मुलीचं डोकं सावरताना जे बाबा होते, तेच त्या खिडकीशी बसले आहेत. तुम्ही विचारलंत ना, माझ्याकडे काय उरलं? कापूस घालणारा हात उरला. तो प्रवासभत्त्याच्या बिलावर अवलंबून नाही.

मुलांना पहिल्यांदा विमानातून नेणाऱ्या आईबापांनीही यातून एक करावं. त्याच संध्याकाळी चार ओळी लिहाव्यात: तारीख, कुठून कुठे, खुर्च्यांचे नंबर आणि कुठल्या खुर्चीत कोण. बोर्डिंग पासची छपाई उष्णतेने उमटवलेली असते, ती काही वर्षांत उडून कोरा कागद उरतो, म्हणून त्याचा फोटो किंवा झेरॉक्स. आणि मुलाचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, न सुधारता. सर्दी असेल तर निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. खाली उतरायला सुरुवात होते तेव्हा, म्हणजे साधारण शेवटच्या अर्ध्या तासात, मुलाला झोपू देऊ नका, कारण झोपेत गिळणं कमी होतं. बाटली, पाणी, चोखायला काहीतरी हाताशी ठेवा. फार लहान मुलांना कडक गोळी नको, घशात अडकते.

आता ताई. सगळ्यांसमोर त्यांनी असं बोलायला नको होतं, वर्षश्राद्धाच्या घरात तर नकोच होतं. तुमचं दुखणं रास्त आहे. पण त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तुमच्या पत्रात एकदाच येतो, आणि तो मी पुन्हा पुन्हा वाचला. बाबा आणि दादा विमानाने गेले. आई, तू आणि मी रेल्वेने. त्यांची आठवण खरी धरली, तर नऊ वर्षांच्या मुलीला बाबांनी विमानात नेलं नाही, अकरा वर्षांच्या मुलाला नेलं. ती रात्री मनमाडला सामानावर बसून राहिली, धाकट्या बहिणीला सांभाळत. आणि पन्नास वर्षांनी ती धाकटी बहीण म्हणते, मीही विमानातच होते. मग फलाटावर राहिलं कोण? एकटी ताई. तुमच्या त्या चार ओळींत त्यांच्याजवळची जागा रिकामी होते. त्यांनी तुमची आठवण पुसली असं तुम्हाला वाटलं. त्यांना कदाचित वाटलं असेल की तुम्ही त्यांना तिथे एकटं सोडलंत. हा माझा अंदाज आहे, त्यांच्या मनात दुसरंही काही असेल. पण नुसत्या विमानासाठी कोणी दोन महिने बोलणं टाकत नाही.

तेव्हा फोन तुम्ही करा. "कोणाचं खरं ते बघूया" असं म्हणून नको, "झालं गेलं विसर" असंही नको. पाकिटातलं पान वाचून दाखवू नका, फॉकर-अ‍ॅव्रो काढू नका, बिल सापडलं असलं तरी पहिल्या फोनला त्याचा उल्लेख नको. एवढंच म्हणा, "ताई, पुस्तिकेत मनमाडचंही पान हवंय आणि ते तूच लिहू शकतेस." मग त्यांना बोलू द्या. मध्ये रडू आलं तर येऊ द्या, तुम्हालाही येईल. बोलणं अडलं तर पुढे जायला साधे प्रश्न विचारा: गाडी किती वाजता होती, आईने खायला काय दिलं होतं, तुम्ही दोघी कशावर बसला होतात, बाबा सकाळी स्टेशनवर घ्यायला आले होते का. आणि त्या सांगत असताना त्यांचेच शब्द वहीत उतरवून घ्या.